सिझरच्या टाक्यांत गर्भ राहिलाय, पिशवी वाचेल का? मिरज-सांगलीकडच्या कुणाला अनुभव?

तासगावची_सून

नमस्कार सगळ्यांना, खूप टेन्शनमध्ये लिहितेय. मला पहिला मुलगा आहे साडेतीन वर्षांचा, सिझर झालेलं. आता पाळी चुकली म्हणून घरी टेस्ट केली ती पॉझिटिव्ह आली, घरात सगळे खूश. मग थोडे थोडे डाग जायला लागले, पोटात दुखत वगैरे काही नव्हतं, तरी तालुक्याला डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी आधी पोटावरून सोनोग्राफी केली मग आतून केली आणि बराच वेळ काहीच बोलेनात. नंतर म्हणाले गर्भ पिशवीतच आहे पण जागा चुकलीय, सिझरचा कट जिथं घेतला होता तिथंच रुतलाय. रिपोर्टवर 'स्कार एक्टोपिक' लिहिलंय, साडेसहा आठवडे, ठोके दिसतायत, बीटा एचसीजी (गरोदरपणात रक्तात वाढणारं हार्मोन) १८ हजारच्या वर आहे.

त्यांनी सरळ सांगितलं की हे मी इथं हात लावणार नाही, मिरजेला जा. आणि निघताना म्हणाले की रक्तस्राव थांबला नाही तर पिशवी काढायची वेळ पण येऊ शकते, मनाची तयारी ठेवा. तेवढं ऐकल्यापासून माझे हातपाय गळालेत. मी २९ वर्षांची आहे, आम्हाला अजून एक मूल हवंय.

घरी सासूबाई म्हणतायत ठोके आहेत म्हणजे जीव आहे, आठ दिवस थांबू, गर्भ वर सरकेल आपोआप. मिस्टरांची बागेत छाटणी चाललीय, माणसं लावलेली आहेत, ते म्हणतात तू म्हणशील तसं. मलाच काही सुचेना झालंय. गर्भ खरंच सरकतो का? नुसत्या इंजेक्शननं होतं का? आणि पिशवी राहिली तरी पुढं दिवस जातील का? कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

पलूसकर_दादा

ताई आधी मिरजेला निघा, बाकीचं वाटेत वाचा. छाटणी दोन दिवस थांबली तर काही बिघडत नाही, मिस्टरांना हे वाचून दाखवा. मोटरसायकलवरून अजिबात जाऊ नका, गाडी करा, आणि वाटेत जास्त ब्लीडिंग झालं, चक्कर आली, डोळ्यापुढं अंधारी आली तर १०८ लावा. दोन नातेवाईक रक्त द्यायला सोबत घ्या, मिरजेत रक्तपेढ्या आहेत पण बदली रक्तदाता असला की धावपळ वाचते. जुनी सिझरची फाईल, सगळे रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्ड पिशवीत टाका, जनआरोग्य योजनेत बसतंय का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला तिथं गेल्या गेल्या विचारा, डिस्चार्जच्या वेळी विचारून उपयोग होत नाही.

मिरजेची_डॉक्टर

ताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, याच भागात काम करते. तुम्हाला मी तपासलेलं नाही त्यामुळे शेवटचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील, पण तिथं जाऊन काय विचारायचं ते कळावं म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी फार चांगलं काम केलंय. साडेसहा आठवड्यांना आतून सोनोग्राफी करून हे ओळखलं आणि स्वतः क्युरेटिंग (पिशवी आतून खरवडून साफ करणं) करायला गेले नाहीत, यानंच तुमची निम्मी लढाई झालीय. हा गर्भ कधी कधी 'अर्धवट पडलेला गर्भ' समजून साफ करायला घेतात आणि मग रक्त थांबत नाही, कारण टाक्यांच्या जागी निबर व्रण असतो, तिथला स्नायू आखडून रक्तवाहिन्या दाबू शकत नाही. पिशवी काढायची वेळ येते ती बऱ्याचदा अशा गडबडीत. तुम्ही त्या गडबडीच्या अलीकडे आहात.

सासूबाईंना प्रेमानं सांगा की रुतलेला गर्भ जागा सोडून सरकत नाही. काहींचा गर्भ तिथूनच पिशवीच्या पोकळीकडं वाढतो, आणि असे गर्भ वाढवून बाळं जन्मालाही आली आहेत हे मी लपवणार नाही. पण मग वार त्या जुन्या टाक्यांत खोल घुसते, कधी लघवीच्या पिशवीपर्यंत जाते, मधेच पिशवी फाटायची भीती राहते, आणि बाळंतपणात वार सुटत नाही म्हणून पिशवी काढावी लागण्याची शक्यता खूप वाढते. तुम्हाला पुढं मूल हवंय ना, मग थांबण्यात तोटा तुमचाच आहे, प्रत्येक आठवड्याला गर्भ मोठा, रक्तपुरवठा मोठा आणि हातातले उपाय कमी.

आता हे आहे काय. १०० गरोदरपणांत एखाद-दुसरं एक्टोपिक, म्हणजे गर्भ चुकीच्या जागी रुजलेलं असतं, आणि त्यातली ९० टक्क्यांच्या वर नळीत. उरलेली मोजकी अवघड जागी असतात, नळी पिशवीत शिरते त्या कोपऱ्यात, पिशवीच्या तोंडात, अंडाशयात, क्वचित पोटात, आणि सिझरच्या टाक्यांत. टाक्यांतलं वैद्यकीय साहित्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं १९७८ ला, तेव्हा ते नवलच होतं. आता सिझर वाढलेत आणि आतून सोनोग्राफी लवकर होते, म्हणून जास्त दिसतं.

सोनोग्राफीत आम्ही बघतो की पिशवीची वरची पोकळी रिकामी आहे का, तोंडाचा मार्ग रिकामा आहे का, गर्भाची थैली पुढच्या बाजूला खाली टाक्यांच्या जागी आहे का, आणि कलर डॉपलरवर तिच्याभोवती रक्तपुरवठा आहे का. पडत असलेला गर्भ प्रोबनं हलकं दाबलं की सरकतो, हा सरकत नाही. सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे थैली आणि लघवीची पिशवी यांच्यामध्ये किती मिलिमीटर स्नायू उरलाय. तुमच्या रिपोर्टवर तो आहे का बघा. नसला तर मिरजेत परत मोजायला सांगा, उपाय बराचसा त्यावर ठरतो.

नुसतं दंडात किंवा कमरेत मेथोट्रेक्सेटचं (गर्भाची वाढ थांबवणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन देऊन घरी पाठवणं नळीतल्या लहान एक्टोपिकला चालतं, बीटा कमी असेल आणि ठोके नसतील तर. तुमच्यासारख्या ठोके असलेल्या टाक्यांतल्या गर्भाला एकट्या त्या इंजेक्शनवर विसंबू नये, आठवडे जातात आणि मधेच रक्तस्राव होतो. इथं सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुईनं थेट थैलीतच औषध देतात, किंवा सोनोग्राफीखाली सक्शननं गर्भ ओढून घेतात आणि रक्त आलंच तर फोलीचा फुगा (लघवीसाठी घालतात त्या नळीच्या टोकाचा) आत फुगवून ती जागा दाबून धरतात. स्नायू फारच पातळ असेल, थैली बाहेर लघवीच्या पिशवीकडं फुगलेली असेल तर दुर्बिणीतून ती जागा कापून काढतात आणि नव्यानं टाके घालतात, म्हणजे गर्भही जातो आणि कमकुवत टाकाही दुरुस्त होतो. या सगळ्यात पिशवी जागेवर राहते.

रक्तगट, तो मिलिमीटरचा आकडा आणि थैली आत वाढतेय की बाहेर, एवढं कळवा. आणि आज रात्री घरी राहू नका.

तासगावची_सून

मॅडम खूप खूप आभार, रडायला आलं वाचून. रिपोर्टवर ४.२ मिमी लिहिलंय आणि थैली पोकळीच्या बाजूला आहे असं काहीतरी. रक्तगट ए निगेटिव्ह. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या आम्हाला कुणी असं समजावून सांगितलंच नव्हतं, आता त्याच बॅग भरतायत. मुलाला जाऊबाईंकडं ठेवून निघतोय. एक विचारायचं होतं, रक्ताच्या नळीत तार घालून रक्त बंद करतात म्हणे, ते करायला सांगावं का? मावसबहिणीनं फोनवर सांगितलं.

मिरजेची_डॉक्टर

४.२ आणि आत वाढणारी थैली, म्हणजे तुमच्याकडं पर्याय आहेत, धीर धरा.

निगेटिव्ह रक्तगट आहे तर अँटी-डीचं इंजेक्शन विसरू देऊ नका, तुमचे मिस्टर पॉझिटिव्ह असतील तर पुढच्या बाळासाठी ते लागतं. केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. आणि निगेटिव्ह रक्त आयत्या वेळी मिळायला वेळ लागतो, म्हणून शस्त्रक्रियेआधीच दोन पिशव्या राखून ठेवायला सांगा.

तारेचं म्हणाल तर त्याला एम्बोलायझेशन म्हणतात, मांडीतून बारीक नळी घालून गर्भाशयाच्या धमन्या बंद करतात. जोरात रक्तस्राव होत असताना त्यानं पिशव्या वाचल्यात. पण पुढं मूल हवं असणाऱ्या बाईला सरसकट आधीच करू नये असं माझं मत आहे, पिशवीचा आणि काही वेळा अंडाशयाचाही रक्तपुरवठा कमी होतो. तो उपाय हाताशी असावा, वापरावा लागलाच पाहिजे असं नाही. म्हणून दवाखाना निवडताना विचारा की रात्री-अपरात्री ही सोय आहे का, नसेल तर जवळ कुठं पाठवता, सोनोग्राफी लावून सक्शन करता का, दुर्बिणीतून टाके घालणारे सर्जन आहेत का, रक्तपेढी आवारात आहे का. चांगले डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाहीत.

आजपासून फोलिक अॅसिडची गोळी तिथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, मेथोट्रेक्सेट द्यायचं ठरलं तर ती आड येते. दुखण्यावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या पण नकोत.

कोरेगावकर_आई

ताई मी सातारा जिल्ह्यातली, माझं टाक्यांतलं नव्हतं, कोपऱ्यातलं होतं, डॉक्टर इंटरस्टिशियल म्हणत होते. पण पिशवी जाईल ही भीती अगदी तुमच्यासारखीच होती म्हणून लिहितेय. आधी एकानं सगळं नॉर्मल आहे, गर्भ जरा बाजूला आहे एवढंच सांगितलं होतं, दुसऱ्या ठिकाणी परत आतून सोनोग्राफी केली तेव्हा कळलं की थैलीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूचा जेमतेम पापुद्रा आहे, ५ मिलिमीटरच्या आत. त्यांनी समजावलं की ही जागा नळीपेक्षा ताणते त्यामुळं दुखणं उशिरा सुरू होतं, आणि तिथं रक्तपुरवठा भरपूर म्हणून फुटली तर रक्त फार जातं. मला एक दिवसाआड मेथोट्रेक्सेट आणि मधल्या दिवशी त्याचा त्रास कमी करणारं दुसरं इंजेक्शन असं दिलं. तोंड आलं, जेवण जाईना, केस थोडे गेले. बीटा उतरायच्या ऐवजी वर गेला. मग कराडला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, कोपऱ्याला चीर देऊन गर्भ काढला आणि टाके घातले, नळी आणि पिशवी दोन्ही राहिलं.

पुढं वर्षभर थांबायला सांगितलं, आम्ही थांबलो. नंतर दिवस गेले ते सरळ पिशवीत मधोमध, पण कळा येऊ द्यायच्या नाहीत म्हणून आधीच तारीख ठरवून सिझर केलं कारण कोपऱ्याचे टाके कळांनी उसवू शकतात. मुलगी झाली, आता बालवाडीत जाते. मी हे सगळ्यांना आवर्जून सांगते कारण माझ्या वेळी चांगलं झालेलं कुणी सांगायला पुढं आलं नव्हतं, बायका अशी गोष्ट बोलतच नाहीत, जे वाईट झालं तेवढंच गावभर होतं.

जत_आशाताई

मी आशा कार्यकर्ती आहे. डॉक्टर मॅडमनी सगळं लिहिलंच आहे पण एक गोष्ट इथं वाचणाऱ्या बाकीच्या बायकांसाठी सांगायलाच पाहिजे. पाळी चुकली, मूल नकोय, की मेडिकलमधून नवऱ्याला पाठवून पाच गोळ्यांचं पाकीट आणायचं आणि खायचं हे आमच्याकडं लई चाललंय, सोनोग्राफी नाही काही नाही. ती गोळी पिशवीतल्या गर्भासाठी असते. गर्भ नळीत नाहीतर टाक्यांत असला तर तिनं काम होत नाही, पण पिशवीचं आतलं अस्तर सुटून रक्त जातं आणि बाईला वाटतं झालं काम. आमच्या भागातली एक पोरगी अशीच गोळ्या खाऊन शेतावर गेली, रक्त गेलं म्हणून निर्धास्त होती, नंतर पोटात दुखायला लागलं, खांद्यात कळ आली, घाम सुटला. सगळ्यांना वाटलं पित्त झालंय. नशिबानं नणंदेनं मला फोन केला, मी खांद्याचं ऐकलं आणि १०८ बोलावली. नळी फुटून पोटात रक्त साठलेलं, एक नळी काढावी लागली पण ती वाचली.

पोटात रक्त साठलं की खांद्यात दुखतं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं ते तिथं कामाला आलं. पाळी चुकलीय आणि एका बाजूला दुखतंय, खांदा दुखतोय, चक्कर येतेय, तर ते पित्त समजू नका. आणि गर्भ पाडायचा असला तरी तो कायद्यानं सरकारी दवाखान्यात होतो, लाजायचं कारण नाही, आधी गर्भ कुठं आहे ते बघून मग गोळी.

वाईकर

आशाताई, एक नळी काढली तर मूल व्हायची आशा निम्मी होते का हो? माझ्या बहिणीची काढलीय मागच्या वर्षी, सासरचे लोक फार बोलतात तिला. आता त्यांचं टेस्ट ट्यूबचं चाललंय पुण्याला.

मिरजेची_डॉक्टर

वाईकर, निम्मी अजिबात होत नाही. दुसरी नळी चांगली असेल तर ती नळी कधी कधी पलीकडच्या अंडाशयातलं बीजही उचलते. युरोपात याच प्रश्नावर मोठी चाचणी झाली, २०१४ ला प्रसिद्ध झाली, दुसरी नळी निरोगी असलेल्या बायकांची. काहींची एक्टोपिकवाली नळी काढली, काहींची फक्त चीर देऊन गर्भ काढला आणि नळी ठेवली. ३ वर्षांत आपसूक दिवस राहिल्याचं प्रमाण नळी ठेवलेल्यांत ६१ टक्क्यांच्या आसपास आणि काढलेल्यांत ५६, म्हणजे फार फरक पडला नाही. हे सासरच्यांना दाखवा, पोरीला टोचून बोलायला काही आधार नाही.

टेस्ट ट्यूबचं चाललंय म्हणून एक काळजी घ्यायला सांगा. त्यात कधी कधी एक गर्भ पिशवीत आणि एक बाहेर असं दोन्ही एकदम राहतं, हेटेरोटॉपिक म्हणतात. पिशवीत एक दिसला की सगळे निश्चिंत होतात आणि दुसरा सुटून जातो. तिचा पहिला सोनोग्राफीचा रिपोर्ट येईल तेव्हा उरलेली नळी, कोपरे आणि अंडाशय पण बघितलेत का हे विचारायचं. तसं निघालं तर मेथोट्रेक्सेट देता येत नाही कारण आतल्या चांगल्या बाळाला त्यानं इजा होते, तिथं दुर्बिणीतून ऑपरेशन करतात किंवा बाहेरच्या थैलीत सुईनं पोटॅशियम क्लोराईड देतात, आणि आतलं बाळ पुढं वाढू शकतं.

पिशवीच्या तोंडातला गर्भ हा यातला सगळ्यात कसोटीचा, त्याबद्दलही दोन ओळी लिहून ठेवते म्हणजे कुणी शोधत आलं तर सापडेल. तिथं स्नायू कमी आणि तंतूच जास्त, त्यामुळं गर्भ सुटला की जागा आखडत नाही आणि रक्त वाहत राहतं. पूर्वी थेट पिशवी काढायचे. आता लवकर कळलं तर थैलीत सुईनं औषध, अंगात मेथोट्रेक्सेट, मग गरज पडली तर सक्शन आणि फोलीचा फुगा असं करून बऱ्याच बायकांची पिशवी वाचते. यात 'अर्धवट पडतोय' असं निदान झालं असेल आणि न दुखता रक्त जात असेल तर साफ करायच्या आधी एकदा डॉपलर मागून घ्या.

तासगावची_सून

सगळ्यांना सांगते, झालं व्यवस्थित. मिरजेत परत सोनोग्राफी केली, त्यांनीही तेच सांगितलं. आधी सुईनं थैलीत औषध दिलं, ठोके थांबले. तो क्षण फार कठीण गेला, मिस्टर पण रडले. मग सोनोग्राफी लावूनच सक्शन केलं, मधे रक्त जरा जास्त आलं तेव्हा फुगा घातला आणि दुसऱ्या दिवशी काढला. दोन पिशव्या रक्त राखून ठेवलेलं ते लागलंच नाही. अँटी-डी दिलं, मॅडम तुम्ही सांगितलं म्हणून मीच आठवण केली तर सिस्टर म्हणाल्या लिहिलेलंच आहे. पिशवी आहे.

आता घरी आलेय. बीटा उतरून ९०० वर आलाय, दर आठवड्याला करायला सांगितलाय. सोनोग्राफीत तिथं अजून काहीतरी गाठीसारखं दिसतंय म्हणतात, त्याची भीती वाटते. आणि परत कधी प्रयत्न करायचा?

मिरजेची_डॉक्टर

खूप बरं वाटलं ताई. ती गाठ म्हणजे गोठलेलं रक्त आणि राहिलेले थोडे तंतू, बीटा शून्यावर आल्यावरही काही आठवडे, कधी महिने दिसत राहते. बीटा उतरतोय तोवर तिला कुणाला खरवडू देऊ नका. बीटा मधेच अडकला, वर गेला, जोरात रक्त गेलं किंवा ताप आला तर मात्र लगेच जा.

पुढच्या दिवसांबद्दल. मेथोट्रेक्सेटसाठी किमान ३ महिने, पण तुमच्या टाक्यांसाठी मी वर्षभर तरी थांबायला सांगेन, तोवर पक्कं गर्भनिरोधक वापरा, 'बघू' वर ठेवू नका. प्रयत्न सुरू करायच्या आधी आतून सोनोग्राफी करून टाक्यांची जाडी बघायची, फारच खोल खळगा असेल तर आधी दुरुस्त करायचा का ते तेव्हा ठरेल. फोलिक अॅसिड प्रयत्नाच्या आधीपासून चालू करा. आणि पाळी चुकली की ६ ते ७ आठवड्यांत सोनोग्राफी, डाग जावोत न जावोत, कारण हे परत त्याच जागी राहू शकतं. मधोमध राहिलं तर पुढं बाळंतपण ठरवून सिझरनंच. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि एक प्रत तालुक्याच्या त्या डॉक्टरांना नेऊन द्या, पुढच्या वेळी पहिली सोनोग्राफी त्यांच्याकडंच होईल.

तासगावची_सून

उद्याच देते मॅडम. सासूबाई पण येते म्हणाल्यात, त्यांना डॉक्टरांना भेटायचंय.